गुरुवारी मरणाऱ्या सिस्टरबाई

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाई दर गुरुवारी सकाळी मरत असत. तपासणीची गर्दी ओसरली की अंगणात घंटा म्हणून टांगलेला लोखंडी तुकडा त्या स्वतः टोले देऊन बडवायच्या. आम्ही हातातलं काम टाकून धावत सुटायचो आणि तेवढ्यात त्या कुठेतरी जाऊन निपचित पडायच्या. कधी चादरींच्या खोलीत दाराआड, कधी व्हरांड्याच्या टोकाला रांजणामागे. वेळेत सापडल्या तर उठून पांढऱ्या साडीचा पदर झटकत म्हणायच्या, "आज वाचली मी." नाही सापडल्या तर आपणच उठून यायच्या आणि माझ्या घड्याळाकडे बोट दाखवायच्या. "मेली मी, डाक्टर. कवाचीच मेली."

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्याचेच. कारंज्याहून कामरगावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचा बारा खाटांचा दवाखाना होता. माणसं मोजून पाच: मी, सिस्टरबाई, कंपाउंडर आणि दोन शिपाई. मी पंचविशीचा, नव्या पदवीचा, आणि ती पदवी सगळ्यांना दिसावी अशा बेताने चालणारा. सिस्टरबाई पन्नाशीच्या. नवरा लवकर गेलेला, घर बौद्ध, छपन्न साली दीक्षा घेतलेलं. त्यांच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर होती आणि खाटेखाली एक पत्र्याची पेटी. पेटीत उकळून वाळवलेल्या पट्ट्या, लाकडी फळ्या आणि लाल चिंध्यांची जुडी. ती पेटी मोठ्या संकटासाठी राखून ठेवलेली. रोजच्या रोग्यासाठी त्यातली पट्टी मागितली तर बाई अंगावर यायच्या.

"कोणतं संकट येणार आहे इथे, बाई? दिवसातून चार एस.ट्या जातात," मी एकदा हसून म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. आधीच्या गावातली गोष्ट त्यांनी मला तेव्हा सांगितली. तिथे जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली आणि भाजलेली माणसं बैलबंड्यांमधून एकदमच दारात आली. "एक बाप्या लय बोंबलून राह्यला होता. मी त्याच्यापाशीच बसून राह्यली. भितीले टेकून एक पोरगी बसली होती, गप. तिनं पानी मागतलं, मी देल्लं. पेली आन् गेली. जो बोंबलते तो जित्ता असते, डाक्टर. जो बोलत नाई, त्याच्याकडं पयले पाहा."

म्हणून ते दर गुरुवारचं मरण. न बोलणारा रोगी आम्हाला सापडतो की नाही, याची ती परीक्षा होती. शिपाई तिला 'बाईची नौटंकी' म्हणत. मीही मनातून हसत होतो, पण ती भीती मला हळूहळू चिकटली. रस्त्याने ट्रक गेला की माझे कान त्याच्या मागे जायचे. वळणावर तो गिअर बदलून पुढे जाईपर्यंत मी हातातलं काम थांबवायचो. बारा खाटा, सलाईनच्या पाच-सहा बाटल्या, आणि फोन पोस्टात, तोही लागला तर लागला. खरंच एकदम जखमी आले तर? हा प्रश्न घेऊन मी जेवायला बसायचो.

बाईंची पद्धत अशी: ज्याला आधी आत न्यायचं त्याच्या मनगटाला लाल चिंधी. घाबरलेल्या हातांनी गाठ काही बसत नसे. मग माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. चिंधी कशाला? कुंकवाचं बोट कपाळाला टेकवायचं, झालं! कंपाउंडरने घरून करंडा आणला. पुढच्या गुरुवारी शिपाई रोगी झाले, मी घड्याळ लावून दाखवलं, आणि चिंधीच्या निम्म्याहून कमी वेळात काम उरकलं.

"आमच्या घरात कुकू नाई, मले त्याच्यातलं समजत नाई," बाई म्हणाल्या. "पन कपाळ मोकळं असते असं धरून चालू नोका."

मी डॉक्टर होतो. चिंध्या पेटीत गेल्या. एक गोष्ट मात्र आता आठवते. रांजणामागे बाई सापडल्या की मी त्यांच्या कपाळाला कधीच बोट लावलं नाही. नुसतं म्हणायचो, "तुम्ही आधी आत." असं का, हे मी स्वतःला विचारलंही नाही.

वैशाखात, भर दुपारी, लग्नाचा ट्रक नाल्याच्या पुलावरून खाली गेला.

दोन ट्रॅक्टर आणि एक जीप भरून माणसं आमच्या अंगणात उतरली. मी करंडा घेऊन धावलो आणि पायरीवरच थिजलो. सगळी कपाळं लाल. बायकांची कुंकवाने, पुरुषांची लग्नाच्या टिळ्यांनी, काहींची रक्ताने. शिपाई शिकवल्याप्रमाणे वागत होते, लाल कपाळ दिसलं की उचल आणि आत ने. आत खाटांवर खरचटलेल्या करवल्या बसल्या आणि मांडी मोडलेला माणूस बाहेर उन्हात राहिला.

"कुकू बंद!" बाईंचा आवाज मी तेवढा मोठा कधी ऐकला नव्हता. "जांभळी बाटली आना! हातावर लावा, हातावर!"

जखमेला लावायचं ते जांभळं औषध. कंपाउंडरने बाटली आणली, बाईंनी कापसाचा बोळा बुडवला आणि मनगटांवर पट्टे ओढत त्या रांगेतून निघाल्या. घडी बसू लागली. जांभळा हात आधी आत, बाकीचे सावलीत. त्या दिवशी जी माणसं वाचली ती त्या बाटलीने वाचली.

पण त्याआधीचं सांगायला हवं. बाटली येण्यापूर्वी मी निंबाखाली एका म्हातारीपाशी वाकलो होतो. नवरदेवाची आत्या. पांढरं लुगडं, बोडकं कपाळ. ओरडत नव्हती. नाडी सुताएवढी, पोट फळीसारखं कडक. आत रक्तस्राव होता, हे मला समजलं होतं. मी बोट कुंकवात बुडवलं, तिच्या कपाळापर्यंत नेलं आणि माझा हात थांबला. विधवेच्या कपाळाला कुंकू कसं लावायचं? तिने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग डोळे मिटले. शिपायाला तोंडी सांगू, असं म्हणून मी उठलो. तेवढ्यात मागून कोणीतरी किंचाळलं, मी तिकडे वळलो आणि तिला विसरलो.

तिला बाईंनीच शोधलं. निंबाखालून त्यांची हाक आली, "डाक्टर, ही गप हाये!" आम्ही सलाईन लावून तिला जीपमध्ये घातलं. अमरावतीच्या वाटेवरच ती गेली. आधी निघाली असती तर पोचली असती का? मला माहीत नाही. माहीत नाही, हेच मी इतकी वर्षं वागवतो आहे.

दिवस कलला, गर्दी पांगली. बाई पायरीवर बसून हात धूत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, त्या बोलतील, चांगलं झोडपून काढतील. तेच मला हवं होतं.

त्यांनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "माह्या कपाळाले तुमी एकदाही लावलं नाई. तवाच मले समजाले पायजे होतं. चूक माही बी हाये."

त्या क्षणी मला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या गुरुवारी घंटा होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. ती झाली. मी सगळ्यांच्या आधी धावलो. बाई निंबाखाली पडल्या होत्या, नेमक्या त्याच जागी, डोळे मिटून. मी गुडघ्यांवर बसलो आणि जांभळा बोळा त्यांच्या हाताकडे नेला.

"हाताले नाई," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "कपाळाले लावा."

बोळ्यावर टेकवून बोट जांभळं केलं. मी लावलं. तो जांभळा डाग आठ दिवस निघाला नाही. बाई तसल्याच बाजारात गेल्या, एस.टी.ने कारंज्याला जाऊन आल्या. लोक विचारत, हे काय लावलं? त्या सांगत, "आमच्या डाक्टरनं वाचवलं मले."

वर्षभराने माझी बदली झाली. निघताना बाईंनी पेटीतल्या लाल चिंध्यांची जुडी माझ्या पिशवीत कोंबली. पुढे बऱ्याच वर्षांनी कंपाउंडरचं पत्र आलं. बाई आजारी होऊन आपल्याच दवाखान्यात कोपऱ्यातल्या खाटेवर होत्या. त्या दिवशी बाजार, रोग्यांची झुंबड, वॉर्डात रडारड. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, काही मागितलं नाही, ओरडल्या नाहीत. त्यामुळे कधी गेल्या ते कोणाला कळलंच नाही, असं त्याने लिहिलं होतं.

पत्र घडी करून मी खिशात ठेवलं. वॉर्डात जायची वेळ झाली होती. दारात उभा राहून मी आधी कोपऱ्यातली खाट पाहिली.