गोठ्यातला कॅमेरा

"सूनबाई, त्या पंख्याला जरा तेल सोड गं. लई कुरकुरतोय. तुला कामाच्या नादात कळत नसंल, पन हितं माझं डोकं उठलं."

नेवाशाहून आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बहिणीचा, फोन होता. आवाज नेहमीसारखा मायेचा. मी "हो, सोडते" म्हणून मोकळीही झाले आणि मग चपापले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आत्याबाई कितीतरी महिने आमच्याकडे फिरकल्या नव्हत्या. कुरकुरणारा पंखा तर माझ्या कामाच्या खोलीत होता, आणि त्या खोलीत घरचं माणूसही दार वाजवल्याशिवाय येत नाही.

"आत्याबाई, तुम्हाला पंखा कसा ऐकू आला?"

"अगं, मोबाईलात! गाय व्यायला झाली तवा तुमीच न्हाई का दिलं?"

मी वर कोपऱ्यात बघितलं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

आमचं गाव संगमनेरपासून जवळच. पूर्वी जिथे धान्याची पोती असायची त्या खोलीत टेबल टाकून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. लोकांचे विम्यासाठी आलेले दवाखान्याचे कागद तपासायचे. कुणाचं गर्भाशय काढलेलं, कुणाचं लिव्हर दारूनं गेलेलं, सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं. त्यातलं एक नावही मी कधी नवऱ्याजवळ काढलेलं नाही. नोकरी लागली तेव्हाच कंपनीनं घरातल्या यंत्रांबद्दल बजावून ठेवलं होतं आणि मी ते अक्षरशः पाळलं. राउटरचा पासवर्ड बदलला. हाक मारली की गाणी लावणारा तो बोलका डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय केलं, त्यावरून तर घरात महाभारत झालं. आमच्याकडे आल्यागेल्याला पाण्याचा तांब्या द्यावा तसा वायफायचा पासवर्ड देतात. "जगातले चोर काय तुझ्या धान्याच्या खोलीवर टपून बसलेत?" असं नवरा म्हणायचा. मी ऐकलं नाही. कामात मी काटेकोर आहे, आणि मला त्याचा अभिमानच होता.

कॅमेरा मात्र मूळचा गोठ्यातला. आमची पहिलारू गाय व्यायला झाली होती आणि रात्री उठून उठून बघायला नको म्हणून नवऱ्यानं तो आणला. गाय कधी व्यायची याची काळजी आमच्या सगळ्या भावकीला असते. मग काय, नवऱ्यानं नाव आणि पासवर्ड थेट घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडल्याचं चित्र काढून. पुण्यातले, नगरमधले, नेवाशाचे, सगळे पाहुणे दोन दिवस मोबाईलला डोळे लावून आमची गाय बघत होते. कालवड झाली, खरवस वाटून झाला. मग नवऱ्याला वाटलं, कंपनीचा लॅपटॉप घरात आहे, कॅमेरा गोठ्यात कशाला वाया घालवायचा? त्यानं तो माझ्या खोलीत ठोकला. मीही बरं म्हटलं. तो गोठ्यातून आला म्हणून कामाच्या यंत्रांत तो मोजायचा असतो हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

फोन कानाला तसाच होता.

"आत्याबाई, तुम्ही अजून बघता?"

"मंग! माठाला टेकवून ठिवते मोबाईल. टीव्हीपरीस बरं. तू काम करतीस, जेवतीस, मला घरी बसून सोबत हुती. तू लई उशिरा जेवतीस पन."

पहिला विचार नोकरीचा आला, खोटं कशाला बोलू. मग दुसरा विचार आला.

अंगणापलीकडे माझ्या चुलत सासूचं घर. त्यांना आम्ही काकू म्हणतो. त्यांची सून, माझी धाकटी चुलत जाऊ, दर आठवड्याला माझ्या खोलीत यायची. घरी सांगायची, ताईंकडे कॉम्प्युटर शिकते. खरं म्हणजे माझ्या लॅपटॉपवरून ती पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंशी बोलायची. तिच्या घरात भिंती कमी आणि माणसं जास्त. ती बोलत असताना मी दार ओढून उंबऱ्याबाहेर मेथी निवडत बसायचे, कुणी आत जाऊ नये म्हणून. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. गाय व्याली त्या दिवशी काकू सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या होत्या, "मुक्या जनावराला जमलं, हिला न्हाई." आणि ती खाली मान घालून खरवसाच्या वड्या कापत राहिली होती. तिचे सगळे रिपोर्ट चांगले होते. दोष तिच्या नवऱ्यात होता, आणि त्यावर उपचार होण्यासारखे होते. कितीतरी मिनतवाऱ्या केल्यावर तो पुण्याला यायला कबूल झाला होता, पण एका अटीवर. मी सोडून घरात कुणालाही हे कळता कामा नये.

"आत्याबाई, त्यात बोललेलं सगळं ऐकू येतं?" मी विचारलं.

"लख्ख येतं! आनि बरं झालं तू इचारलंस." त्यांनी आवाज खाली केला. "त्या पोरीचं आयकून लई वाईट वाटलं गं. तिचा काय दोस? म्या परवाच वैनीला, तुमच्या काकूला, फोन करून चांगलं झापलं. म्हनलं, दोस तुज्या लेकात हाय, पोरीला कशापायी बोलतीस?"

त्यांना केवढं समाधान होतं! मी फोन ठेवला, स्टुलावर चढून कॅमेऱ्याची वायर उपटली आणि तिथेच उभी राहिले. काल काकूंनी सुनेला स्वतःच्या हातानं चहा करून दिलेला मी पाहिला होता. पाहून मला बरं वाटलं होतं. त्या चहाचं कारण आता कळलं.

जावेला गोठ्यामागे गाठून सगळं सांगितलं.

"परवापासून सासूबाई मला काय बोलल्या न्हाईत," ती म्हणाली. "मला वाटलं, माजं उपास फळाला आलं."

काकूंना गप्प राहणं शक्यच नव्हतं. त्याच संध्याकाळी ओट्यावर पंगत बसलेली असताना त्या मुलाला म्हणाल्या, "बाबा, जा पुन्याला. औशदाला लाज कसली?" त्यांच्या बोलण्यात तिरकं काही नव्हतं, पोटातली मायाच होती. पण शेजारी त्याचा चुलता होता, समोर मी आणि माझा नवरा होतो. दिरानं भाकरी ताटात ठेवली, बायकोकडे एकदा पाहिलं आणि मोटारसायकल काढून निघून गेला.

मी त्या रात्री नवऱ्याला नको नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी कॅमेरा परत गोठ्यात गेला, नव्या पासवर्डासह, आणि तो पासवर्ड ग्रुपवर गेला नाही. भिंतीतलं भोक मी स्वतः लांबी लावून बुजवलं. आत्याबाईंचा रुसलेला फोन आला, गाय तरी दिसू दे म्हणून. मी काय उत्तर दिलं ते सांगत नाही.

पुण्याला जायच्या दिवशी दीर दूध घालायला डेअरीत गेला तो दिवस मावळेपर्यंत परतला नाही. दुपारी जाऊ माझ्या खोलीत आली. डॉक्टरीणबाईंना कळवायचं होतं, आम्ही येत नाही आणि पुन्हा कधी येऊ ते सांगता येत नाही. मी लॅपटॉप उघडून दिला आणि सवयीनं दाराबाहेर जायला निघाले.

"ऱ्हाऊ द्या ताई, बसा. आता कुनापासून लपवायचं?"

तिचं बोलून झालं. तिनं लॅपटॉपचं झाकण अलगद लावलं आणि लांबी लावलेल्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत म्हणाली, "कंपनीच्या पेशंटचं नाव तुमी दादांनासुदीक सांगत न्हाई. मला बी त्यातलीच एक धरायचं हुतं, ताई."