कॉलऱ्याचे काका

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोच्या, म्हणजे जंतुशास्त्राच्या, तोंडी परीक्षेत मी आपटले. कॉलऱ्याचा जंतू दिसतो कसा, एवढंच विचारलं होतं, आणि मी मिनिटभर परीक्षकांच्या टायकडे बघत बसले. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात साहेब, माणूस शांत. पण म्हणाले, "आता परत नापास झालीस तर डॉक्टरकी पुरे. बी.एस्सी.ला बस." नुसतं बोलले नाहीत, फॉर्म आणून टीव्हीवर ठेवला.

घोकलेलं माझ्या डोक्यात टिकत नाही. एका सीनियर मुलीने सांगितलं, "जंतूचं चित्र काढ. ओळखीच्या माणसाचं काढ, जितकं वेडगळ तितकं बरं." मला शेजारचे काका आठवले.

काका रिटायर्ड, कमरेत स्वल्पविरामासारखे वाकलेले. जंतूही तसाच. काकांना एक शेंडी, जंतूला एक शेपूट. काका चालत नसत, सुटत. सूक्ष्मदर्शकाखाली जंतूही सुसाट सुटतो. रंग दिला की तो गुलाबी दिसतो, काकांच्या खांद्यावरही कायम गुलाबी पंचा. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवला की पिवळा, आणि उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारातून आणलेल्या कापडाचा पिवळा सदरा काकांकडे होताच. पित्तावर ते रोज खायचा सोडा घेत. जंतूलाही आंबट सोसत नाही. रोग्याला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, म्हणून काकांच्या हातात धुवणाचा तांब्या दिला आणि त्यांना संडासाकडे पळवलं. हे शेवटचं तेवढं माझ्या मनचं.

चित्र कॅलेंडरच्या पाठीवर काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. त्याच कपाटात आईचे ब्लाउजपीस असत, हे माझ्या ध्यानात राहिलं असतं तर मी मायक्रोत नापास कशाला झाले असते? चैत्रातल्या हळदीकुंकवाला ओटीचे ब्लाउजपीस काढायला शेजारच्या काकूंनीच कपाट उघडलं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "अगोबाई, हे तर आमचे हे." आणि चित्र घडी करून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका चित्र घेऊन हजर. मी मेल्यात जमा. त्यांनी चष्मा लावला. "शेंडी एवढी लांब आहे का गं माझी?"

"नाही काका, ते जंतूचं शेपूट आहे."

"बरं. आणि तांब्या?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं, फॉर्मपर्यंत. काका उठले. "उद्यापासून पाचला येतो."

मग रोज पाचला, पिवळा सदरा आणि पंचा घालून, काका आमच्या दारात. "बोल, मी कशात वाढतो? मला सोसत काय नाही?" एकदा मी चुकून शेपटं अंगभर सांगितली, तर दोन दिवस बोलले नाहीत. काकू वैतागल्या होत्या. "वरणावर लिंबू पिळू देत नाहीत. म्हणे आपल्याला आम्ल चालत नाही."

परीक्षेत नेमका कॉलराच आला. डोळे मिटले, काका दिसले, आणि मी धडाधड सांगत गेले. परीक्षक खूश. मग म्हणाले, "आणि याला मारायचं कसं?"

हे आमच्या धुणंवालीलासुद्धा ठाऊक होतं. पण काकांनी एवढ्या दिवसांत हा एक प्रश्न कधी विचारला नव्हता. माझ्यासमोर ते वाकून उभे, उत्तराची वाट बघत.

"येत नाही?" परीक्षकांनी पेन उचललं.

टीव्हीवरचा फॉर्म आठवला. "उकळत्या पाण्यात घालायचं, सर," मी म्हटलं, "नाहीतर ब्लीचिंग पावडर," आणि चक्क रडायला लागले.

"बरोबर आहे की. रडतेस काय?"

पास झाले. पेढे घेऊन सगळ्यात आधी शेजारी गेले. काकांनी प्रश्न न् प्रश्न विचारून घेतला, प्रत्येक उत्तराला मान डोलावली. दुसरा पेढा उचलता उचलता म्हणाले, "आणि शेवटी काय विचारलं?"

"शेवटी काही नाही, काका. जा म्हणाले."