दादाचा बिल्ला माझ्या छातीवर

चौसाळ्याला हायवेवर आमचं वेल्डिंगचं दुकान आहे. थोरला भाऊ, म्हणजे दादा, खरा कारागीर, मी हरकाम्या. बरीच वर्षं झाली, एका ठेकेदारानं आम्हा दोघांना परराज्यातल्या अणुवीज केंद्रात नेलं होतं. तिथे पाइप फुटून किरणोत्सारी पाणी सांडलं होतं. ते पुसायचं आणि खराब झालेले पाइप कापून बाहेर काढायचे, एवढंच काम. आम्हाला ते गटार उपसण्याइतकं साधं वाटलं.

आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असे. अंगावर किती किरण पडले ते त्यात नोंदलं जाई, आणि मर्यादा भरली की माणसाला आत सोडत नसत. आम्हाला बिल्ला म्हणजे साहेबांचा चहाडखोर वाटायचा. दादाचा भरत आला तेव्हा तो म्हणाला, "हा तुझ्याकडं ठेव. माझ्यासारखी कटाई इथं कुणाला जमती का बे?" मुकादमानं डोळेझाक केली. मी बाहेर सामानाच्या खोलीवर होतो, तिथे किरण नव्हतेच. तीन आठवडे दादाचा बिल्ला माझ्या शर्टाच्या आत आणि माझा वर; दादा बिल्ल्याविनाच आत कापत होता. आपण साऱ्या केंद्राला गंडवलं म्हणून आम्ही लई खूश होतो.

दादाला पंचेचाळिशीतच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. गेल्या वर्षी मात्र चार पायऱ्या चढल्या तरी दम लागू लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर काळेनिळे डाग दिसू लागले. बीडच्या डॉक्टरांनी जुन्या कामाची चौकशी केली आणि केंद्राकडून नोंदीचा कागद मागवायला लावला. कागदावरचा आकडा मर्यादेच्या आतच होता. "एवढ्यानं काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त कमी आहे. गोळ्या घ्या, तीन महिन्यांनी या."

दादानं माझ्याकडे पाहिलं. जिन्यात आल्यावर हळूच म्हणाला, "गप बस. तुझं नाव निघंल त्यात."

मी गप बसलो. दादानं सांगितलं म्हणून बसलो, असं मी स्वतःला बजावत होतो. ते निम्मंच खरं होतं. वहिनी त्याला रोज बीट आणि खजूर खाऊ घालायची. मीही मोठा शहाणा, बीडहून डाळिंबं आणून द्यायचो. दादा खंगत चालला होता.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पुन्हा तोच कागद पुढे ओढला आणि माझा धीर सुटला. वहिनी शेजारीच बसली होती. तिच्यादेखत सगळं सांगून टाकलं. दादा "जाऊ द्या हो डॉक्टर" म्हणत राहिला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किरणांमुळेच झालं असं आजही छातीठोक सांगता येणार नाही, म्हणाले. पण हे आधी कळलं असतं, तर हाडातल्या मगजाची तपासणी तेव्हाच केली असती.

बाहेर बाकावर तपासणीसाठी बोलावण्याची वाट बघत बसलो. या वहिनीनं मला पोटच्या पोरासारखं वाढवलंय.

"तीन महिने कावून बोलला न्हाईत, भावजी?"

"तुमच्या मनातून उतरंन म्हणून," मी म्हणालो. खरं तेच होतं.

तिनं माझ्या हातातली फाईल काढून घेतली आणि उठून दादाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.