माझ्या नावाची आंघोळ

आपल्या नावानं आंघोळ करून मोकळी झालेली माणसं जेवायला बोलावतात तेव्हा जावं की जाऊ नये, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी गेले. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका हॉटेलात वरच्या मजल्यावर रविवारी दुपारी जमायचं ठरलं होतं.

आधी आंघोळीचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही नवरा-बायको बरीच वर्षं एका परिवारात होतो. परिवार म्हणजे नात्यागोत्याचा नव्हे. एक गुरुजी, शहराबाहेर त्यांचं केंद्र आणि त्यांच्याभोवती जमलेली आमच्यासारखी माणसं. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. नियम पुष्कळ होते. बाहेरच्यांच्या हातचं खायचं नाही, हा सगळ्यात कडक. सख्ख्या नात्यातल्या लग्नालाही आम्ही डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जायचो आणि पंगत उठेपर्यंत मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसून राहायचो. दुसरा नियम आंघोळीचा. कुणी परिवार सोडला की केंद्रातून निरोप यायचा, ‘आज आंघोळ आहे.’ मग हातातलं काम टाकून, असेल त्या वेळी, डोक्यावरून गार पाणी घ्यायचं. सुतकातल्यासारखं. त्यानंतर तो माणूस आपल्यापुरता मेला. त्याचं नाव काढायचं नाही, भाजीबाजारात समोर आला तरी नजर उचलायची नाही.

मी बाहेर पडले ती एका भाकरीपायी. माझं माहेर नामपूरचं. आई आजारी पडली आणि मी गेले. जाताना नेहमीसारखा माझा डबा होताच, पण डबा किती दिवस पुरणार? तिसऱ्या दिवशी आई भिंतीला धरून उठली, चुलीपाशी बसली आणि तिनं माझ्यापुरती एक भाकरी थापली. तिच्या अहिराणीत म्हणाली, “जेवी ले बेटा. गरम शे.” मी खाल्ली. चटणीबरोबर, पोटभर, बोटं चाटून खाल्ली. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. नाशिकला परतल्यावर मीच भाकरीचं सांगून टाकलं, तर केंद्रात मला सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागायला सांगितलं. कशाची माफी? आईच्या हातच्या भाकरीची? मी म्हटलं, “मागणार नाही,” आणि चपला घालून निघाले. माझा स्वभाव लहानपणापासूनच असा आहे, एकदा फिरले की फिरले.

नवरा माझ्या मागोमाग घरी आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन वाजला. तो थोडा वेळ खुर्चीत बसून राहिला, मग टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेला. थंडीचे दिवस होते. आमच्या या माणसाला वैशाखातसुद्धा कढत पाणी लागायचं, अंगाची वाफ निघेपर्यंत. मी सवयीनं गिझरचं बटण दाबलं. आतून आवाज आला, “गिझर बंद कर. गार पाण्यानंच करायची आहे.”

माझा हात बटणावरच राहिला. घरात आम्ही दोघंच होतो. आत तो माझ्याच बादलीत माझाच तांब्या बुडवून माझ्या नावानं आंघोळ करत होता आणि मी दाराबाहेर ऐकत उभी होते. खरं सांगायचं तर आधी मनात आलं, याला आता सर्दी होणार. राग नंतर आला. तो अजून गेलेला नाही.

संध्याकाळी तो बॅग भरून केंद्रात राहायला गेला. मेलेल्या बाईबरोबर एका घरात कसं राहणार? पण जाताना घराची किल्ली घेऊन गेला. माझ्याकडे न बघता त्यानं खुंटीवरची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

त्या किल्लीवर मी इतकी वर्षं काढली. इंदिरानगरमधला दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली दूधवाला, वर टाकीचं पाणी भरून वाहू लागलं की ओरडणारे शेजारी. शेजारीण म्हणायची, “ताई, कुलूप बदलून टाका. एकट्या राहता.” मी बदललं नाही. रात्री आतून कडीही घातली नाही, कारण कडी घातली तर बाहेरून किल्ली लावून उपयोग काय? दर रविवारी दोन्ही उशांचे अभ्रे धुवायचे आणि दोन्ही उशांना धुतलेले घालायचे. मला वेड लागलेलं नव्हतं. माझा हिशेब अगदी सरळ होता. त्याला परिवारानं नेलं. एक ना एक दिवस त्याचेही डोळे उघडतील, जसे माझे उघडले. तो बाहेर पडेल, आणि बाहेर पडला की घरी येईल. दुसरीकडे कुठे जाईल? सायखेड्याला त्याचा थोरला भाऊ आहे, पण त्याच्याकडे आम्ही डब्याच्या पायी असं वागलो होतो, की जाणंयेणं कधीच तुटलं होतं.

एकटेपणाबद्दल लोक बोलतात तेव्हा सणासुदीचं बोलतात. सण निभावतात. मला जड जायचं ते पोळ्यांचं. कणीक कितीही कमी मळली तरी एक पोळी उरायची. ती दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून फोडणीला टाकायची आणि उभ्यानं खायची. बोलायला कुणी नसलं की माणूस फोडणीशी बोलतो. ‘अगं जळशील,’ वगैरे. मी बोलायची.

मग बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते आमच्यात, तेही पुढे बाहेर पडले होते. त्यांनी एकेकाला शोधून फोनवर ग्रुप केला. सुरुवातीला ‘सुप्रभात’ आणि फुलांची चित्रं. मी कंटाळून ग्रुपमधून निघणारच होते, तेवढ्यात काकांनी कळवलं की फूलवाले भाऊ पण आता बाहेर पडले आहेत आणि भेटायला येणार आहेत. हे भाऊ मखमलाबादकडचे. झेंडू, शेवंती लावतात. केंद्रात रोजची फुलं त्यांच्याकडून यायची. आत कोण आजारी आहे, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं त्यांना ठाऊक असायचं. माझ्या नवऱ्याची खबर मला कुणी देऊ शकणार असेल तर तेच. तो कसा आहे आणि बाहेर यायचं त्याच्या मनात आहे का, एवढंच मला विचारायचं होतं. तेवढ्यासाठी मी चांगली साडी नेसले.

हॉटेलात गेले तर काका दारातच उभे. “या या, मेलेल्यांच्या संमेलनात स्वागत!” सगळे हसले. एक पार्लर चालवणारी होती. परिवारात असताना तिला केस कापायचीही बंदी होती, आता तिचे केस मानेपर्यंत आणि वर लालसर. तिनं मला मिठी मारली. आम्ही केंद्रात वर्षानुवर्षं शेजारी बसून भाज्या चिरलेल्या. मी बाहेर पडल्यावर एकदा शालिमार चौकात समोरासमोर आलो होतो, तेव्हा ती एका दुकानाच्या पाटीकडे बघत राहिली होती. त्याचं ती काही बोलली नाही, मीही काढलं नाही. मिठी मात्र खरी होती.

जेवण आलं आणि गंमत झाली. ताटं समोर, वाफा निघताहेत, आणि कुणीच हात लावेना. सगळे एकमेकांकडे बघताहेत. बाहेरच्या हातचं! इतकी वर्षं झाली, तरी पहिला घास उचलताना प्रत्येकाचा हात अडकतोच, हे तेव्हा कळलं. पार्लरवाली आधी हसली आणि तिनं पनीरचा तुकडा उचलून तोंडात टाकला. मग सगळे तुटून पडले. मला हसताना रडू येत होतं. या जगात माझ्यासारखा कुणाचा हात अडकतो तर याच माणसांचा, आणि तीसुद्धा जेवण झालं की आपापल्या घरी जाणार होती.

मग आंघोळी निघाल्या. कुणी कुणाच्या नावानं कधी केली. काका पार्लरवालीला म्हणाले, “तुझी आंघोळ ऐन कडाक्यात आली. आठवडाभर नाक गळत होतं माझं.”

“मग कशाला केलीत? नुसते केस ओले करून यायचं!”

“तू तसं करायचीस?”

“बहुतेक वेळा,” ती म्हणाली, आणि टेबल हसून हललं. मी तिच्याकडे बघितलं. माझ्या वेळी काय केलंस, असं ओठांवर आलं होतं. नाही विचारलं.

काका फूलवाल्या भाऊंकडे वळले. “तुम्ही शेवटपर्यंत आत. म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आंघोळी तुम्ही केल्या!”

“केल्या ना,” भाऊ म्हणाले. “समद्यांच्या. इहिरीच्या पान्यानं. लय गार असतंय.”

“मग तुमच्या आधीची शेवटची कुणाची? सांगा, त्यालाही ग्रुपमध्ये घेऊ.”

भाऊंचा घास हातातच राहिला. ते काकांकडे न बघता माझ्याकडे बघू लागले.

“वहिनींना ठावं आसंल की,” ते म्हणाले.

“मला काय ठाऊक असणार?”

“साहेबांची. तुमच्या साहेबांची व्हती ती शेवटची. दोन-तीन वर्षं झाली आसतील. भांडून नाय, काय नाय. एक दिवस म्हनले, गुडघ्यानं बसवत नाय आता खाली, आन् निघून गेले.” मग माझा चेहरा बघून त्यांनी घास ताटात ठेवला. “वहिनी, घरी नाय आले का ते?”

वाढपी पापड विचारायला आला, काकांनी त्याला हातानंच परतवलं.

“कुठे आहे?” मी विचारलं.

“सायखेड्याला. भावाच्या मळ्यात ऱ्हातेत. मी मागल्या हंगामात रोपं आनायला गेलतो तिकडं, तवा भेट झाली. तब्येत बरी हाय. चहा पाजला मला.”

“काय बोलला?”

“द्राक्षाचं बोलले. पावसानं घाण केली म्हनले. गुडघ्याचं बोलले.”

“माझं काही?”

भाऊ भला माणूस. खोटं बोलले असते तरी मी विश्वास ठेवला असता, आणि ते त्यांनाही कळलं असावं. ते पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “नाय, वहिनी.”

पार्लरवालीनं माझा हात धरला. मी म्हटलं, “जेवा गं सगळे, गार होतंय.” मी स्वतः ताटातलं सगळं संपवलं. गुलाबजामही खाल्ला. निघताना काका म्हणाले, पुढच्या वेळी सोमेश्वरला भेटू, धबधब्यापाशी. मी हो म्हटलं. पार्लरवाली म्हणाली, घरी येते तुझ्याकडे. मी ये म्हटलं. ती आलेली नाही.

रिक्षात बसल्यावर मला आधी हसू आलं. म्हणजे तोही मेलेला, मीही मेलेली. मेलेल्या माणसांनी एकमेकांबरोबर राहायला कुणाची बंदी होती? नाशिकहून सायखेड्याला जायला एक एसटी पुरते. त्याच्या खिशात किल्ली होती. बाहेरच्यांच्या हातचं तो आता खात होता, ज्या थोरल्या वहिनीच्या ताटाला त्यानं कधी हात लावला नाही त्या वहिनीच्या हातचं खात होता. फक्त माझ्या हातचं त्याला नको होतं. इतकी वर्षं मी गुरुजींना शिव्या घातल्या. माझा नवरा चोरला म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ घातल्या. गुरुजींनी त्याला कधीच सोडून दिलं होतं.

घरी आले. कुलूप उघडलं, चपला काढल्या आणि साडीसकट तशीच न्हाणीघरात गेले. मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. गिझरला हात लावला नाही. गार पाण्याची बादली भरली, तांब्या बुडवला, डोक्यापर्यंत उचलला.

आणि हात तिथेच थांबला. ही आंघोळ गेलेल्या माणसाची असते. मी त्याच्या नावानं इतकी वर्षं जिवंतपणी रडले ते तो गेला म्हणून, कुणीतरी नेला म्हणून. पण तो गेलेला नव्हता. तो पंधरा-वीस मैलांवर भावाच्या अंगणात खुर्ची टाकून चहा पीत बसला होता, आणि त्याला माझी आठवण येत नव्हती. त्याची आंघोळ कशी करतात ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसून मोठ्यानं रडले. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे आवरायची गरज नव्हती.

बऱ्याच वेळानं उठले. भरलेली बादली ओतून द्यायचं जिवावर आलं. रविवार होता. आत जाऊन दोन्ही उशांचे अभ्रे काढून आणले आणि साबण टाकून त्या पाण्यात भिजवले. झोपायच्या आधी दाराशी गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आतून कडी घातली. कडी गंजली होती, सहजी सरकेना. खोबरेल तेलाचं बोट लावून सरकवावी लागली.