वाचून दाखव, मग मान्य

आमच्या वस्तीत न वाचलेल्या कागदावर कुणी सही करत नाही. माझ्या जन्माच्या आधी कधीतरी कोऱ्या कागदावर अंगठे घेतले होते, आणि त्यावर पुढं जे लिहिलं गेलं ते वस्तीनं भोगलं. तेव्हापासूनचा हा नियम. बँकेचा कागद असो की मंडपवाल्याची पावती, बुद्धविहारात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, मग हात वर, मग सही. मी पत्रकं लिहायला शिकले तीही तिथंच. मोठ्यानं वाचलं की कुठलं वाक्य पोकळ आहे ते लगेच कळतं.

म्हणून वर्गणीतून आणलेला स्वस्तातला लॅपटॉपही आम्ही विहारातच उघडला. घाई होती. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा, आणि त्याआधी पाण्याचा अर्ज द्यायचा होता. गावाच्या नळांना दिवसाआड पाणी. आमच्या नळाला उरलं तर. आजवरचे अर्ज आम्ही तालुक्याला, लोहाऱ्याहून टाइप करून आणायचो. टायपिंगवाला दर वेळी आमच्या 'मागणी'ची 'नम्र विनंती' करून टाकायचा. मी भांडले की म्हणायचा, "ताई, अर्जाची एक भाषा असते." कुणाची भाषा? तहान आमची, नळ आमचा, आणि भाषा त्याची! लॅपटॉप आणला तो या एका शब्दापायी, असं म्हटलं तरी चालेल.

माझ्या मोबाईलचं नेट जोडलं. लॅपटॉपचे दोनचार प्रश्न झाले आणि पडद्यावर इंग्रजी अटींचं रान माजलं. खाली 'मान्य'चं बटण. माझं बोट निघालंच होतं.

"थांब," थोरली काकू म्हणाली. वस्तीतली सगळ्यात वयस्कर बाई ती. "ही सही हाय का?"

"सहीच म्हणायची, काकू."

"मग वाच की."

"लई लांब हाय ओ."

"आमाला कुठं गाडी धरायचीय?"

वाचलं. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं. चहा येऊन गेला, परत आला. कुणी उठलं नाही. "ते म्हणतंय, काय बिघडलं तर आमच्यावर फार जबाबदारी न्हाय," मी सांगितलं.

"गावच्या टाकीवानीच की मग!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि विहार हसला.

काकू मात्र हसली नाही. "आन आमी न्हाय म्हणलो तर?"

"तर पुढं जातच न्हाय."

"मग इचारतंय कशाला?"

इतकी पत्रकं लिहिली मी, पण एवढं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. जगभर लोक ते बटण डोळे झाकून दाबतात, शिकलेले तर सगळ्यात आधी. आमच्या बायकांनी त्याला जाब विचारला. शेवटी ठरलं, निषेध नोंदवून मान्य. लॅपटॉपात निषेधाला जागा नव्हती, म्हणून आईनं तो विहाराच्या फळ्यावर खडूनं लिहायला लावला. मग हात वर झाले, मग बटण.

पुढच्या प्रश्नांना 'नको' म्हणायची सोय होती. तिथं तर वस्तीला जोरच चढला.

"तुमी कुठं राहता ते कंपनीला कळवू का, म्हणतंय."

"आमी कुठं ऱ्हातो ते ग्रामपंचायतीला म्हाईत न्हाय," आई म्हणाली, "कंपनीला कशाला पायजे?"

नको. आवाज ऐकायला? नको. जाहिराती दाखवायला? नको, नको!

एकदाचा पडदा उघडला, तर आत आधीच बिऱ्हाड थाटलेलं. आम्ही न मागितलेले गेम. लाल चौकटीत "तुम्ही धोक्यात आहात" म्हणून ओरडणारं, पैसे भरा म्हणणारं एक सॉफ्टवेअर. आणि लिहायचं जे सॉफ्टवेअर होतं ते महिनाभरच फुकट. त्यानंतर पैसे भरले नाहीत तर आपण लिहिलेल्यात आपल्यालाच बदल करता येणार नाही. माझं डोकं फिरलं. मी भाषणाच्या सुरात सुरू झाले, लूट, फसवणूक...

"ए पोरी," आई म्हणाली, "बोंबलू नगस. काढता येतंय का त्ये सांग."

"येतंय."

"मग काढ. पाव्हणा आदीच घरात बसलाय, आन वर आपल्यालाच भाडं मागतोय."

एकेकाचं नाव वाचलं, हात मोजले, काढून टाकलं. लिहायला कायमचं फुकट असलेलं सॉफ्टवेअर मोबाईलच्या नेटवर उतरवून घेतलं. तेवढं एकच आम्ही आपणहून घरात घेतलं.

मग अर्ज. आईनं सांगितला, मी टाइप केला. "वस्तीच्या नळाला गावाच्या बरोबरीनं पाणी मिळालंच पाहिजे, ही आमची मागणी आहे." मोठ्यानं वाचला. एकही हात खाली नव्हता.

सकाळी पहिल्या जीपनं लोहारा गाठलं. टायपिंगवाल्याकडं आता फक्त प्रिंट काढायची होती. कागद बाहेर आला तशी त्याची नजर त्यावरून फिरली.

"ताई, यात 'नम्र विनंती' राहिली की."

"राहिली न्हाय दादा," मी म्हणाले. "घातलीच न्हाय."

पाणी अजून दिवसाआड आलेलं नाही. पण त्या ग्रामसभेत ग्रामसेवकाला आमचा अर्ज मोठ्यानं वाचावा लागला. 'मागणी' या शब्दापाशी तो थांबला, त्यानं मान वर करून पाहिलं, आणि तोच शब्द परत वाचला. आई आणि थोरली काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वाचून झाल्याबरोबर, कुणी विचारायच्या आधीच, दोघींनी हात वर केले.