घोडकाठच्या मोटरी आणि मॅडम

मॅडमच्या हातात बोर्ड असला की त्यांच्याशी बोलायची सोय नसे. काडेपेटीहून जरासा मोठा तो काळा तुकडा त्या कडांना धरायच्या, त्यावरचं मसुराएवढं बटन अंगठ्याच्या नखानं दाबायच्या आणि दुसऱ्या हातानं कॉम्प्युटरची वायर खुपसायच्या. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं. शिकणाऱ्या कुणाच्या हातात बोर्ड दिला आणि त्याची चुळबुळ सुरू झाली, की मान न वळवता म्हणायच्या, "अंगठा उचलू नका. अजून पकडलं नाही कॉम्प्युटरनं."

माझं शिरूरला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरी येतात, मी तांब्याची तार भरून परत पाठवतो. मॅडम इथल्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या आणि रोज दौंडहून एसटीनं यायच्या. एक दिवस त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि जळका स्टार्टर बघायला मागितला. विकत नको, दुरुस्त नको, फक्त बघायचा. मी मनात म्हटलं, शिकलेल्या बाई आहेत, दोन दिवसांत हौस फिटेल. तिसऱ्या दिवशी त्या घरून येताना स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या.

आमच्याकडची शेतीची लाइट तुम्हाला ठाऊक असेलच. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की काठी आणि बॅटरी घेऊन उसाच्या कडेकडेनं विहिरीवर जायचं आणि बटन दाबायचं. पूर्वी त्यात झोपमोड सोडून काही नव्हतं. आता उसात बिबटे आहेत. बाजारात मोबाइलवर चालणारे स्टार्टर मिळतात, पण ते बंद डबे. कंपनीनं जे ठरवून दिलं तेवढंच करणार. मॅडमना त्या डब्यांचा भारी राग. "ज्याची विहीर, त्याला आतलं बदलता आलं पाहिजे," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी त्यांनी तोंड उघडलं की मीच ते पुरं करायचो. त्या रागवायच्या नाहीत. "पाठ झालं ना? मग आता कामाला लागा," म्हणायच्या.

काम असं होतं. बोर्ड विकत येतो तेव्हा तो कोरा असतो. त्याच्यात आधी एक दुभाषी बसवावा लागतो. आपण साध्या ओळी लिहायच्या, त्यानं त्या एकेक करून वाचायच्या आणि बोर्डाकडून तसं करून घ्यायचं. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो दुभाषी इंटरनेटवर तयार मिळतो, फुकट मिळतो. मग मॅडम तो स्वतः का बनवायच्या? कारण तयार दुभाष्याला मराठी शब्द ठाऊक नव्हते. मॅडमनी मोटर, विहीर, पाणी, लाइट, थांब असे शब्द लिहून त्याच्या पोटातच घातले होते. म्हणजे बाईमाणसानं मोबाइलवर 'पाणी कमी झालं तर मोटर बंद' अशी ओळ लिहिली, की ती तशीच्या तशी चालायची. बोर्डाला एक सिम जोडलेलं होतं. घरून मेसेज केला की मोटर चालू. लाइट आली की बोर्ड आपणहून मेसेज करायचा, आणि मोटर सुरू झाली की तेही कळवायचा.

हे पोटात घालणं सोपं नव्हतं. सगळा दुभाषी मुळापासून बांधावा लागायचा. आयटीआयचा कॉम्प्युटर म्हातारा, एवढ्या कामाला तो धापा टाकायचा. मग मॅडमनी माझ्या दुकानात कोपऱ्यात स्वतःचा एक आणून ठेवला. बांधणी सुरू केली की पडद्यावर ओळी पळत सुटायच्या, आणि मध्येच लाल अक्षरांची रांग लागायची. मला ती रांग बघूनच घाम फुटे. मॅडम शांतपणे वरवर सरकत जायच्या. "फक्त पहिली चूक वाचा, मिस्त्री. बाकीची तिची पिल्लं आहेत." पहिली सापडली की पिल्लं खरंच पळून जायची. हे मी पुढं वाइंडिंगमध्येही वापरलं, आणि घरातल्या भांडणातही.

तयार बोर्ड मॅडम स्टीलच्या डब्यात जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळून न्यायच्या. दौंडच्या गाडीतल्या एका कंडक्टरला वाटायचं, बाई रोज लाडू नेतात आणि कुणाला एक देत नाहीत. त्यानं शेवटी बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याच्यासाठी खरंच लाडू आणले, आणि लाडू खाता खाता त्याला बोर्डाचं सगळं समजावून सांगितलं. लाडू महागात पडला, असं तो नंतर सांगत फिरायचा.

सगळ्यात हुशारीनं हे शिकली ती सुनंदा. इनामगावच्या अलीकडं, घोड नदीच्या काठाला तिची वस्ती. नवरा सणसवाडीला कंपनीत, शिफ्टची नोकरी. सासऱ्यांना नीट दिसत नाही. त्यामुळं रात्रीची मोटर सुनंदाचीच. मॅडम पहिल्यांदा गेल्या तेव्हा ती दारात येऊन "जयभीम मॅडम" म्हणाली आणि लगेच विचारलं, की ह्या डब्यामुळं रातचं जायचं टळंल का, एवढंच सांगा. मॅडम म्हणाल्या, टळेल. ते एक वचन होतं, आणि मॅडमनी ते तसंच घेतलं.

बोर्ड बसल्यावर सुनंदा गप्प बसली नाही. तिची विहीर एका दमात पाणी देत नाही. थोडं उपसलं की थांबावं लागतं, झरा भरू द्यावा लागतो. तिनं दुपारी मोटरखोलीशी बसून मोबाइलवर आपल्या ओळी लिहिल्या, मोडल्या, परत लिहिल्या. मेसेजचे शब्दही आपले घातले. 'उठ' म्हटलं की मोटर चालू, 'बस' म्हटलं की बंद. मॅडमनी दिलेले शब्द तिला फार पुस्तकी वाटले म्हणे. पुढं कितीतरी रात्री ती घरातनंच मेसेज करून झोपली.

आता मॅडमची एक सवय सांगतो. नवा दुभाषी भरायच्या आधी त्या बोर्ड सगळा पुसून काढायच्या. न पुसताही वरून भरता येतो, हे त्यांना माहीत होतं. पण दूध धुतलेल्या भांड्यातच तापवायचं, हा त्यांचा बाणा. जुनं काही चिकटून राहिलं तर पुढं घोळ होतो, असं म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. तर एकदा त्यांनी नवी बांधणी केली. लाइट आल्याचा मेसेज दोनदा जायचा, ते दुरुस्त केलं होतं. माझ्या गाडीवर मागं बसून, मांडीवर डबा आणि खांद्याला लॅपटॉप घेऊन, त्या वस्ती वस्ती फिरल्या आणि सगळे बोर्ड पुसून नव्यानं भरले. सुनंदा त्या दिवशी खुरपायला गेली होती. सासऱ्यांनी मोटरखोलीची किल्ली दिली. बोर्ड भरला, दिवा लागला, आम्ही चहा पिऊन निघालो. सुनंदाच्या ओळी त्या पुसण्यात गेल्या, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा दुकानात आली. उभीच राहिली.

"पहाटं लाइट आली. म्या 'उठ' म्हणून मेसेज टाकला," ती म्हणाली. "मोटर काय बोलंना. म्हटलं सिम बंद पडलं असंल. बॅटरी घेतली आन् गेले. मोटरखोलीच्या ओट्यावर वाघ बसला व्हता, मामा."

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. मी स्टूल पुढं केलं. ती बसली नाही.

"पाठ न्हाई दावली त्याला. तोंडाव बॅटरी धरली आन् तशीच मागं मागं आले. घर येईस्तोवर." मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "कांदा वाळाय लागलाय."

मी तिच्यासमोरच मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सुनंदाला लागलं तर नाही ना? नाही म्हटल्यावर फोन ठेवला.

सकाळच्या पहिल्या गाडीनं त्या आल्या. रजा टाकली होती. माझ्या गाडीवरून वस्तीवर जाताना मी म्हणालो, की तिनंही आपल्या ओळींची कॉपी ठेवायला हवी होती. माझ्या जागी तुम्ही असतात तरी हेच म्हणाला असतात. मॅडमनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "मिस्त्री, पुसलं मी. ते तिचं होतं आणि मी विचारलं नाही. तिथं गेल्यावर हे कॉपीचं बोलायचं नाही." मी गाडीला किक मारली.

वस्तीवर त्या सुनंदासमोर जमिनीवर बसल्या आणि हेच वाक्य तिलाही सांगितलं. शिकवणाऱ्या माणसानं असं बसून चूक सांगितलेली तिनं बघितली नसावी. मीही नव्हती. मग मॅडम म्हणाल्या, "काय काय लिहिलं होतं ते परत सांगा. मी लिहिते, तुम्ही तपासा." दोघींचं दुपारपर्यंत चाललं. कुठं थांबायचं, का थांबायचं, यावर दोनदा वादसुद्धा झाला. तो सुनंदानं जिंकला, कारण विहीर तिची होती. जेवायच्या आत 'उठ' म्हटल्यावर मोटर उठली.

एवढ्यावर सोडलं तर त्या मॅडम कसल्या? परत येऊन त्यांनी बांधणी पुन्हा काढली. भरायच्या पद्धतीतच बदल केला. आता बोर्ड पुसायला गेलं की आधी त्यातल्या मालकाच्या ओळी बाहेर निघून कॉम्प्युटरवर ठेवल्या जातात, आणि त्या ठेवल्या गेल्या नाहीत तर पुसणंच अडतं. कुणी कितीही घाईत असो. विहिरीला दम खाऊ द्यायची सुनंदाची रीतही त्यांनी दुभाष्याच्या पोटात घातली, तिला विचारून. मी आयुष्यात बरीच हुशार माणसं बघितली. चूक झाल्यावर ती पुन्हा कुणाच्याच हातून होऊ नये म्हणून एवढं खपणारं माणूस मी हे एकच बघितलं. मला त्या बाईंचा फार आदर वाटतो, आणि तो मी त्यांना तोंडावर कधी सांगितला नाही.

पुढं त्यांची बदली झाली, लांब, विदर्भात. सरकारी नोकरी म्हटल्यावर आज ना उद्या ते होणारच होतं. जायच्या आधी त्यांनी मला आणि सुनंदाला बांधणी शिकवली. सुनंदा आठवड्याच्या बाजाराला आली की दुकानात बसायची. उन्हं कलायच्या आत मात्र उठून जायची. कॉम्प्युटर मॅडमनी कोपऱ्यातच ठेवला.

शेवटच्या दिवशी आयटीआयमध्ये हारतुरे झाले आणि त्यांना निघायला उशीर झाला. दौंडची गाडी लागली तेव्हा दिवेलागण होत आली होती. मी पिशव्या वर चढवल्या. मागं बघतो तर सुनंदा. मॅडम खिडकीतनं तिच्यावर रागावल्याच. "अहो, ह्या वेळेला तुम्ही इथं काय करताय? तुमची लाइट आली असेल. घरी कधी पोचणार?"

सुनंदानं कमरेची पिशवी उघडून मोबाइल काढला, 'उठ' एवढा एक शब्द टाकला आणि पडदा खिडकीकडं धरून उभी राहिली. उत्तर यायला जरा वेळ लागला. मॅडमनी ते वाचलं, मोटर चालू झाली होती. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. गाडी सुटली तेव्हा तो त्यांच्या हातातच होता.

गाडी वळून दिसेनाशी झाली. मी सुनंदाला म्हटलं, चल, तुला वस्तीवर सोडतो.

"नगं मामा. मालक शिफ्ट सुटल्याव गाडीव घ्यायला येणार हायत," ती म्हणाली. "तवर जरा बाजारात चक्कर मारते. दिवं लागल्याव कसा दिसतोय, कवा बघितलाच न्हाई."

आणि ती निघालीसुद्धा, सावकाश, दुकानं बघत.