मावशीचं मधात बोलणं

नाटकातल्या माणसांना सल्ला देऊन त्यांचं भलं करता येतं, असं मनापासून मानणारी साऱ्या नागपुरात एकच बाई आहे, आणि ती माझी मावशी. टीव्हीवरच्या सुनेने दुधाचा पेला उचलला रे उचलला, की ही ओरडते, "अवं, हुंगून तं पाह्य आधी!" रामटेकच्या जत्रेत एकदा तिने नाटकातल्या दुष्ट मामाला असं काही झापलं, की तो बिचारा आपला संवाद विसरून तिच्याकडे बघतच राहिला. पाहुण्यांनी तिला सोबत सिनेमाला नेणं तर केव्हाच सोडलंय.

अशा बाईच्या मनीषनगरातल्या हॉलमध्ये तिच्या नातीने कॉलेजच्या पोरापोरींना घेऊन, स्वतः रचलेल्या संगीत नाटकाच्या तालमी मांडल्या. म्हणजे आ बैल मुझे मार! गोष्ट एका घराची. मुलगा गाडीने एका म्हाताऱ्याला उडवून पळून येतो. गाडीचा फुटलेला दिवा फक्त आईला दिसतो, आणि पोलीस दारात. बाप घराच्या अब्रूचं गाणं गातो, बहीण आपल्या ठरलेल्या लग्नाचं, आणि शेवटी आई एकटीच उभी राहून विचारते, "मी काय करू?" मावशी बापाला दटावायची, बहिणीची समजूत घालायची, ढोलकीवाल्याला म्हणायची, "हळू वाजव गा, घरात पोलीस आले ना!" आईचं गाणं आलं की मात्र उठायची आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची.

कारण ती गोष्ट तिच्याच घरची होती. तिच्या मुलाने, आमच्या दादाने, खाप्याच्या रस्त्यावर असंच करून गाडी घरी आणली होती, आणि मावशीने पोलिसांना खरं ते सांगून टाकलं होतं. दादा शिक्षा भोगून आला, वेगळा राहू लागला. ही नात त्याचीच पोरगी; तिला तालमीला सोडायला यायचा, पण फाटकातूनच परतायचा. आईशी अवाक्षर नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "मावशी, पस्तावून राहिली का?"

"सांगितल्याचा पस्तावा नाही होत," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याचा पाय गेला ना गा. पण माह्या हातचं लेकरू गेलं, ते गेलंच."



प्रयोगाच्या दिवशी नातीने आजीकडून वचन घेतलं, की काही झालं तरी मधात बोलायचं नाही. पोरीच्या हट्टाखातर दादाही आला आणि पुढच्या रांगेत बसला. आम्ही मागे. आईचं काम नातच करत होती. तिने विचारलं, "सांगा, मी काय करू?" आणि पेटी थांबली. मी मावशीकडे पाहिलं. ती तोंडात पदर धरून गप्प बसली होती. तिला जन्मात असं गप्प पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पुढून आवाज आला.

"सांगून टाक वं माय. सांगून टाक."

दादा उभा राहिला होता. स्टेजवर पोरगी रडायलाच लागली, पण रडत रडत तिने गाणं पुरं केलं, आणि त्यातल्या आईने खरं सांगितलं.

पडदा पडल्यावर दादा आमच्या रांगेपाशी येऊन नुसता उभा राहिला. दुसरी आई असती तर गळ्यात पडली असती. मावशीने डोळे पुसले आणि त्याच्यावर खेकसली, "नाटक चालू असताना असं मधात बोलते का गा कोणी?"

दादा खाली बघत म्हणाला, "घरी चाल, माय. भूक लागून राहिली मले."

मावशीने त्याचा दंड धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.